पाणसळ

सात नंबरच्या बेडवर भरमा मुचंडीकर,
वडगावचा, पॉवरलूमवर साड्या विणणारा,
फुटलेल्या आतड्याचा तिसरा दिवस.
मॉनिटरवर ८४, खाली ५४, मधला ६४.
रात्रीचे पावणेतीन.
डॉक्टर पोरगा, नवा, चुरगळलेला, भला,
खुर्चीतूनच म्हणाला,
"सिस्टर, नॉरअ‍ॅड दोननं वाढवा."

मी वाढवलं नाही.
म्हणजे, लगेच नाही.
आधी पायाचा अंगठा हातात धरला. ऊबदार.
नख दाबलं, सोडलं,
रंग वेळेवर परतला.
तासाची लघवी पन्नास, पिवळी, स्वच्छ.
हा माणूस त्याच्या आकड्यासारखा दिसत नव्हता.

माझा बाप खानापुरात गवंडी.
त्याची पाण्यानं भरलेली नळी, आरपार दिसणारी, दहा हात लांब.
सुट्टीत एक टोक मी धरायचे कोपऱ्यातल्या खांबाशी,
दुसरं टोक तो, उन्हात, पार पलीकडं.
पाणी डुलायचं.
"थांबू दे गे. पाण्याला घाई करूलालीस कशाला?"
मध्येच बुडबुडा दिसला
की टिचकी मारत मारत त्याला वर चढवायचा
आणि हवेत सोडून द्यायचा.
"ह्यो आत राहिला की भिंत खोटं बोलतीय."

इथंही नळीच आहे.
मनगटातल्या धमनीपासून खांबावरच्या डबीपर्यंत
मिठाच्या पाण्याची, बोरूच्या काडीहून बारीक.
डबी हृदयाच्या पातळीला हवी.
नऊ वाजता एक्स-रेला बेड खाली घेतला,
खांब राहिला तिथंच. वीतभर वर.
वीतभराचे पंधरा आकडे.
बेड कुणी खाली घेतला?
मीच.

छातीवर चौथ्या बरगडीखालची फट बोटानं मोजली,
पुढून-मागून निम्म्यावर आले,
निळ्या मार्करनं फुली केली त्याच्या कातडीवर.
डबी फुलीसमोर आणली.
जोडाच्या कोपऱ्यात मोहरीएवढी हवा दडून बसलेली.
टिचकी. टिचकी. वर चढ बाबा.
मग तोटी रुग्णाकडून बंद, हवेकडं उघडी,
आणि शून्य.

शून्य करताना लाल रेघ आडवी पडते.
पाच-सात सेकंद. आम्हाला सवय आहे.
काचेपलीकडं गंगव्वा उभी होती,
तीन रात्री उभीच,
गोकाकहून लग्न होऊन आलेली,
भाजी मराठीत घेणारी, रडणं अजून कन्नडमध्येच.
तिनं ती रेघ बघितली.
काचेवर दोन्ही तळवे आपटले.
"होद्रेन्री? होद्रेन्री?"

हात अडकलेले, तोटी अर्धवट.
मी आतूनच ओरडले,
"सोन्ने माडिदे री, हेदरबॅड्री,
शून्य केलंय फक्त, भिऊ नका."
काचेतून काय ऐकू जाणार.

१०४. खाली ६६. मधला ७९.
नळीला झटका देऊन बघितला:
रेघ चौकोनी चढली, पडली,
एकदोनदा थरथरली आणि जागेवर आली.
दुसऱ्या दंडाला पट्टा बांधला, मोठ्या मापाचा,
विणकराचे दंड त्याचे. १०२.
डॉक्टर उठून आला,
गुडघ्यांत वाकून डबी आणि फुली एका डोळ्यानं बघितली.
काही बोलला नाही. नॉरअ‍ॅड होतं तिथंच राहिलं.
मी तक्त्यावर लिहिलं: नऊ ते पावणेतीन, पातळी चुकीची.
खाली माझी सही.

बाहेर गेले तर ती बाकावर बसली होती,
पदर तोंडात.
सगळं सांगितलं, दोन्ही भाषांत, अडखळत.
तिनं ऐकून घेतलं आणि विचारलं,
"सोन्ने याक री?"
शून्य कशासाठी?

तीन वाजून गेलेले. शब्द सुचेनात.
खिशात कापून टाकलेल्या सलाईनचा हातभर तुकडा होता,
थोडं पाणी भरून
एक टोक तिच्या हातात दिलं.
धरा. सरळ.
दुसरं मी धरलं.
तिचा हात थरथरत होता, माझाही,
पाणी कधी तिच्याकडं, कधी माझ्याकडं.

आत सात नंबरचा पंप टिकटिकत होता.
"थांबू दे," मी म्हणाले.
ती पाण्याकडं बघत राहिली.